सिटीज: स्कायलाइन्समध्ये ट्रॅफिक कसं सोडवायचं: रस्ते, ट्रक, बस आणि मेट्रो

सिटीज: स्कायलाइन्स हा शहर वसवायचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं शहर एका ठरावीक टप्प्यावर येऊन अडतं, लोकसंख्या मस्त वाढत असते, पैसे येत असतात, आणि मग एक दिवस हायवेवरून शहरात यायच्या तोंडाशी लालभडक रांग लागते, कचरा उचलला जात नाही, दुकानांत माल पोचत नाही, आणि आपण काय करतो तर तो रस्ता सहा लेनचा करतो. रांग तशीच राहते. कारण अडचण बहुतेक वेळा रस्त्याच्या रुंदीत नसते, ती जंक्शनमध्ये असते आणि त्याहून जास्त यात असते की सगळ्यांना एकाच ठिकाणाहून जायला लावलंय. या लेखात मी गेमच्या पहिल्या भागाबद्दलच बोलतोय, २०१५ मध्ये आलेल्या, कारण अजूनही आपल्याकडे साध्या लॅपटॉपवर तोच चालतो. दुसऱ्या भागाबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी गेम आतून कसा चालतो ते समजून घ्या, त्याशिवाय बाकीचं सगळं पाठांतर होईल. हा गेम फिनलंडच्या कोलोसल ऑर्डर या छोट्या टीमने बनवला आणि त्यांनी याआधी सिटीज इन मोशन नावाचे दोन गेम केले होते जे पूर्णपणे सार्वजनिक वाहतुकीवरच होते, त्यामुळे स्कायलाइन्सचा जीव वाहतुकीत आहे हे काही आश्चर्य नाही. इथे दिसणारी प्रत्येक गाडी खरोखर कुठून तरी निघालेली असते आणि कुठे तरी चाललेली असते. माणसाचं घर ठरलेलं, नोकरी ठरलेली. गाडी निघतानाच आपला पूर्ण रस्ता ठरवते, मुख्यतः अंतर आणि वेगमर्यादा बघून, आणि वाटेत पुढे कितीही जाम लागला तरी तो रस्ता बदलत नाही. शिवाय पुढे जिथे वळायचंय त्याची लेन ती फार आधीच पकडते. म्हणून सहा लेनचा रस्ता केला तरी तुम्हाला एकाच लेनमध्ये दोन किलोमीटरची रांग दिसते आणि शेजारच्या लेन मोकळ्या पडलेल्या असतात. त्या सगळ्यांना पुढे त्याच एका वळणावर वळायचं असतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की अर्धं काम झालं, कारण मग तुम्ही रुंदी वाढवायच्या आधी विचारता की हे सगळे त्याच वळणावर का चाललेत.

नवीन शहर सुरू करताना

मॅप निवडायच्या स्क्रीनवर डाव्या बाजूने वाहतूक चालवायचा पर्याय असतो, तो टिक केला तर आपल्याकडे जशी गाडी चालवतात तसं शहर चालतं. आपल्याला डोळ्यांना ते सोपं जातं म्हणून मी तोच घ्यायला सांगतो, पण एक लक्षात ठेवा, यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ उजव्या बाजूच्या वाहतुकीचे आहेत, त्यामुळे त्यातला इंटरचेंज, म्हणजे हायवेची मोठी जोडणी, जसाच्या तसा काढलात तर सगळं उलटं होईल, आरशात बघितल्यासारखं फिरवून काढायचं. आपल्या पद्धतीत एक्झिट डावीकडे निघते, गोल चौकात गाड्या घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, आणि समोरून येणाऱ्यांना आडवं जाणारं, म्हणजे त्रासदायक वळण, ते उजवीकडचं.

सुरुवातीला एकच टाइल मिळते, साधारण १.९२ किलोमीटर गुणिले १.९२ किलोमीटर, आणि त्यात हायवेची एक जोड दिलेली असते. बहुतेक जण तिथूनच एक दोन लेनचा रस्ता काढून त्याच्या दोन्ही बाजूंना घरं झोन करतात, म्हणजे ती जागा घरांसाठी आखून देतात, आणि तो रस्ता कायमचा शहराचा एकमेव दरवाजा बनतो. असं करू नका. हायवेपासून निघणारा पहिला रस्ता चार पेशी रुंद ठेवा, त्याच्या कडेला काहीही झोन करू नका, आणि थोडं आत गेल्यावरच पहिलं जंक्शन द्या. पेशी म्हणजे ग्रीडचा चौकोन, ८ मीटरचा. दोन लेनचा साधा रस्ता २ पेशी रुंद असतो, चार लेनचा आणि सहा लेनचा दोन्ही ४ पेशी. याचा अर्थ असा की चार लेनचा नंतर सहा लेनचा करताना एकही इमारत पडत नाही, पण दोन लेनचा चार लेनचा करायला गेलात की कडेच्या इमारती जातात. म्हणून जो रस्ता पुढे मोठा होणार आहे असं वाटतंय तो पहिल्या दिवसापासून ४ पेशींची जागा धरून काढा, सुरुवातीला पैसे कमी असतात हे मान्य, पण निदान जागा मोकळी सोडा.

कुठला रस्ता कशासाठी

गेममध्ये दोन लेनच्या रस्त्यावर वेग ४०, चार लेनवर ५०, सहा लेनवर ६० आणि हायवेवर १००, रॅम्पवर, म्हणजे हायवेवर चढायच्या-उतरायच्या रस्त्यावर, ८०. गाड्या वेगवान रस्त्याकडे ओढल्या जातात, तर हे तुमचं हत्यार आहे. हायवे शहराच्या बाहेरून आणि मोठ्या भागांमधून, त्यातून मोजक्या एक्झिट, एक्झिट मोठ्या रस्त्याला मिळते, मोठा रस्ता मधल्या रस्त्यांना, आणि मधल्या रस्त्यातून गल्ल्या निघतात जिथे घरं-दुकानं असतात. मोठ्या रस्त्याला गल्ली थेट जोडायची नाही. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं, कारण प्रत्येक गल्लीचं तोंड म्हणजे एक जंक्शन, मोठे रस्ते भेटले की गेम आपोआप सिग्नल लावतो, आणि दर दहा पेशींवर सिग्नल असलेला सहा लेनचा रस्ता हा दोन लेनच्या रस्त्यापेक्षा वाईट चालतो. मोठ्या रस्त्यावर दोन जंक्शनमध्ये अंतर जितकं जास्त तितकं चांगलं, कारण सिग्नलला थांबलेली रांग मागच्या जंक्शनपर्यंत पोचायला नको.

झोनिंग रस्त्याच्या कडेपासून ४ पेशी खोलपर्यंतच होतं. म्हणजे दोन समांतर गल्ल्यांमध्ये ८ पेशी ठेवल्या की जागा वाया जात नाही. गल्लीतली छोटी जंक्शनं शक्यतो इंग्रजी टी सारखी तीन तोंडांची करा, चौफुलीपेक्षा त्यात एकमेकांना छेदणाऱ्या वळणांची संख्या खूप कमी असते. पूर्ण ग्रीड दिसायला छान दिसतं आणि ते चालतंही, पण मग मधल्या बऱ्याच चौफुल्या बंद कराव्या लागतात.

कुठे अडकलंय ते शोधणं

ट्रॅफिकच्या इन्फो व्ह्यूमध्ये, म्हणजे रस्ते रंगांत दाखवणाऱ्या नकाशात, टक्केवारी दिसते, ऐंशीच्या वर असेल तर शहर छान वाहतंय. पण ती टक्केवारी कारण सांगत नाही, आणि लाल रंग पण कारण सांगत नाही, लाल रंग फक्त रांग कुठे उभी आहे ते सांगतो. कारण रांगेच्या पुढच्या टोकाला असतं. तर कॅमेरा लाल रस्त्याच्या बाजूने पुढे पुढे न्यायचा जिथे लाल संपून एकदम हिरवं होतं, तिथे थांबायचं आणि गेम साध्या स्पीडवर ठेवून नुसतं बघत राहायचं. कोण कोणासाठी थांबतंय? सिग्नल कोणाला हिरवा आहे? पायी चालणाऱ्यांची रांग तर गाड्यांना अडवत नाहीये ना?

दुसरं हत्यार २०१७ च्या अपडेटमध्ये फुकट मिळालं, रूट्सचा व्ह्यू. त्यात कुठल्याही रस्त्यावर क्लिक केलं की त्या तुकड्यावरून जाणाऱ्या सगळ्यांचे पूर्ण मार्ग रंगांत दिसतात, खासगी गाड्या, ट्रक, सार्वजनिक वाहतूक, शहराच्या सेवेच्या गाड्या, सायकलवाले, पायी चालणारे, आणि तुम्ही एकेक प्रकार बंद-चालू करून बघू शकता. मला विचाराल तर संपूर्ण गेममधलं हे सगळ्यात कामाचं बटण आहे. समजा मुख्य पुलावर जाम आहे, क्लिक केलं आणि बघितलं तर निम्मे ट्रक आहेत जे औद्योगिक भागातून निघून पूल ओलांडून हायवेला चाललेत, तर पूल रुंद करून काय होणार, औद्योगिक भागाला त्याच्या बाजूनेच हायवेची स्वतःची जोड द्या, पूल आपोआप रिकामा होईल. आणि जर बघितलं की खासगी गाड्या आहेत आणि सगळ्या एकाच वसाहतीतून निघून एकाच ऑफिसांच्या भागात चालल्यात, तर तिथे मेट्रोची लाइन कुठून कुठे टाकायची ते तुम्हाला आयतंच मिळालं. त्याच पॅनलमध्ये जंक्शनचा टॅब आहे, तिथून सिग्नल काढता येतात आणि छोट्या रस्त्याच्या तोंडावर स्टॉपची पाटी लावता येते. मोठ्या रस्त्याला छोटा रस्ता मिळतो तिथे सिग्नल काढून छोट्याला स्टॉप द्या, फरक लगेच दिसतो.

हायवे, लेनचं गणित आणि गोल चौक

लेनचं गणित फार सोपं आहे पण लोक कंटाळा करतात. तीन लेनच्या हायवेवरून एक लेनचा रॅम्प निघाला तर पुढे दोनच लेन उरल्या पाहिजेत, आणि पुढे एक लेनचा रॅम्प येऊन मिळाला की परत तीन. असं केलं की गाडी आपल्या लेनमध्ये सरळ निघून जाते, कोणी कोणाला आडवं जात नाही. एक्झिटनंतरही तीनच लेन ठेवल्या तर शेवटच्या क्षणी लेन बदलणाऱ्या गाड्या मागच्यांना थांबवतात. मूळ गेममध्ये दोन लेनचा हायवे नाही, तो मास ट्रान्झिट डीएलसीबरोबर, म्हणजे वेगळ्या विकत घ्यायच्या पुरवणीबरोबर, आला, तो नसेल तर तिथे दोन लेनचा एकेरी रस्ता घालून काम भागवता येतं, वेग कमी होतो पण जागा थोडी असेल तर चालून जातं. आणि आधी एक्झिट, मग एन्ट्री, हा क्रम ठेवा. आत येणारे आणि बाहेर जाणारे एकाच तुकड्यावर एकमेकांना कापत गेले की तिथे कायमची गाठ बसते.

रॅम्प शहरात जिथे उतरतो तिथेच सिग्नल नको. निदान इतकं अंतर हवं की सिग्नलची रांग हायवेवर चढणार नाही.

गोल चौक म्हणजे राउंडअबाउट काढायची पद्धत अशी. एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन तात्पुरते रस्ते काढा, मध्यापासून चारही हात सारख्या लांबीचे, समजा दहा पेशी. मग एकेरी रस्ता घेऊन वक्र रस्त्याचं टूल निवडा, पहिला क्लिक एका हाताच्या टोकाला, दुसरा क्लिक जिथे चौकोनाचा कोपरा आला असता तिथे, तिसरा शेजारच्या हाताच्या टोकाला, असं चार वेळा केलं की बऱ्यापैकी गोल वर्तुळ तयार होतं, आतले तात्पुरते रस्ते पाडून टाका. आपल्या पद्धतीत काढताना दिशा घड्याळाच्या काट्याची. आता सगळ्यात महत्त्वाचं, त्यावरचे सगळे सिग्नल काढा आणि आत येणाऱ्या प्रत्येक तोंडाला स्टॉप द्या, म्हणजे वर्तुळातल्या गाड्या आधी निघतात. हे केलं नाही तर वर्तुळ भरतं आणि भरलं की सुटत नाही. वर्तुळाला लागून झोनिंग करू नका, आणि लोक ते पायी ओलांडणार असतील तर वरून पादचारी पूल द्या.

ट्रक

शहरातला निम्मा त्रास ट्रकांचा असतो असं मी बिनधास्त सांगेन. कच्चा माल कारखान्यात जातो, कारखान्यातून दुकानांत, जे कमी पडतं ते बाहेरून येतं, जास्त होतं ते बाहेर जातं, आणि यातलं प्रत्येक पाऊल म्हणजे रस्त्यावर एक ट्रक. म्हणून औद्योगिक भाग हायवेजवळ, त्याला स्वतःची आत यायची आणि स्वतःची बाहेर जायची वाट, शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणी. घरांच्या भागातून जाणारा रस्ता त्याला जवळचा पडत असेल तर त्या भागाचा डिस्ट्रिक्ट बनवून जड वाहनांवर बंदीची पॉलिसी लावा, मधून पार जाणारे ट्रक दुसरीकडे वळतात, पण त्यांना दुसरी वाट दिलेली असली पाहिजे.

लोक शिकलेले असतील तर कारखाने कमी करून ऑफिसं वाढवा. ऑफिसांना माल लागत नाही आणि ती माल पाठवतही नाहीत, म्हणजे ट्रक शून्य.

मालगाडीचं टर्मिनल खूप उपयोगाचं आहे आणि चुकीच्या जागी टाकलं तर खूप घातकही. बाहेरून येणारा माल गाडीने टर्मिनलवर उतरतो आणि तिथून ट्रकमध्ये भरून शहरभर जातो, म्हणजे शेकडो ट्रक त्या एका दारातून बाहेर पडतात. ते टर्मिनल शहराच्या मध्यात ठेवलं तर तो भाग गेलाच समजा. औद्योगिक भागातच ठेवा, समोर एकेरी रस्ता द्या जेणेकरून ट्रक एका बाजूने आत येतील आणि दुसऱ्या बाजूने जातील, आणि तो रस्ता फिरून हायवेला मिळवा. शहर मोठं असेल तर दुसरं टर्मिनल दुकानांच्या भागाच्या मागे ठेवा, मग शहरातल्या शहरातही माल रेल्वेने जायला लागतो. मालगाड्यांचे आणि प्रवासी गाड्यांचे रूळ वेगळे ठेवा. रूळ एकमेकांना जमिनीवर छेदतात तिथे गाड्या एकमेकींसाठी थांबतात आणि रेल्वेची रांग रस्त्याच्या रांगेपेक्षा जास्त हट्टी असते.

बस, ट्राम, मेट्रो, रेल्वे

एका बसमध्ये ३० माणसं मावतात, ट्राममध्ये ९०, मेट्रोत १८०, रेल्वेत २४०. या आकड्यांवरूनच प्रत्येकाची जागा कळते. बस गल्लीतून माणूस उचलून मेट्रो स्टेशनला आणून सोडायला, मेट्रो शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला, रेल्वे लांबच्या उपनगरांना जोडायला. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वळणं घेत जाणारी एकच लांबलचक बस लाइन कोणी वापरत नाही आणि तिच्या बसेस एकमेकींना चिकटून चालायला लागतात. छोट्या लाइन काढा, पाच-सहा स्टॉपच्या, ज्या एका मेट्रो स्टेशनला येऊन फिरतात. बस डेपो त्या भागाच्या जवळ असू दे, नाहीतर लांबच्या डेपोतून निघालेल्या बसेसच रस्ता भरून टाकतात.

मेट्रो टाकताना रूट्सच्या व्ह्यूमध्ये जे दिसलं होतं तेच वापरायचं, कुठून कुठे लोक चाललेत. घरं, दुकानं, ऑफिसं आणि कारखाने या सगळ्यांना स्पर्श करणारी लाइन दोन्ही दिशांना भरून चालते, फक्त घरांतून कारखान्यांत जाणारी लाइन जाताना भरलेली आणि येताना रिकामी. वर्तुळाकार लाइन काढलीत तर दोन काढा, एक या दिशेने आणि एक उलट दिशेने, नाहीतर एका स्टेशनवर मागे जायला माणसाला पूर्ण चक्कर मारावी लागते. आणि सगळ्या लाइन एकाच स्टेशनवर आणू नका, त्याचं दादर होतं, प्लॅटफॉर्मवर हजारभर माणसं उभी राहतात आणि गाडी येते ती भरलेलीच. लाइन दोन-तीन वेगवेगळ्या स्टेशनांवर एकमेकींना भेटू द्या म्हणजे बदलणारी गर्दी वाटली जाते. तरीही एखाद्या स्टेशनवर गर्दी साचत असेल तर लाइनच्या पॅनलमधून तिथल्या गाड्यांची संख्या वाढवा, जी लाइन रिकामी पळतेय तिची कमी करा.

रेल्वे स्टेशनची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. स्टेशन बाहेरच्या रुळांना जोडलं की बाहेरगावच्या गाड्या तिथे यायला लागतात, प्रत्येकीत मोजकी माणसं असतात पण गाड्यांची संख्या इतकी की तुमच्या लोकल गाड्या मागे अडकून पडतात. बाहेरच्या गाड्यांसाठी एकच स्टेशन ठेवा, बाकी स्टेशनांवर बाहेरगावच्या गाड्या बंद करा, तो पर्याय स्टेशनच्या पॅनलमध्येच असतो. जमलं तर लोकलचे रूळ बाहेरच्या रुळांना जोडूच नका.

मोठ्या शहरात सार्वजनिक वाहतूक का लागतेच याचं एक तांत्रिक कारणही आहे. गेममध्ये एका वेळी १६,३८४ पेक्षा जास्त गाड्या धावू शकत नाहीत. तेवढा आकडा भरला की नवीन गाडी निघतच नाही, मग ती रुग्णवाहिका असो की कचऱ्याची गाडी. मेट्रोतून १८० माणसं एकाच गाडीत जातात, तीच माणसं मोटारीने गेली तर विचार करा.

चालण्याला कमी लेखू नका. इथली माणसं खूप लांबपर्यंत चालतात, फक्त वाट सरळ हवी. दोन वसाहतींमध्ये हायवे आडवा असेल तर वरून एक पादचारी पूल टाका, गल्ल्यांच्या बंद टोकांना पायवाटेने जोडा, स्टेशनला मागच्या बाजूनेही वाट द्या. खर्च जवळजवळ नाही आणि रस्त्यावरच्या गाड्या दिसतील इतक्या कमी होतात.

अजून एक, जे ट्रॅफिकचं वाटत नाही पण असतं. एकदम भलामोठा भाग झोन केला की सारख्या वयाची माणसं एकदम राहायला येतात आणि काही वर्षांनी जवळपास एकदमच वारतात, शववाहिन्यांची झुंबड उडते, रस्ते भरतात, मृतदेह उचलले जात नाहीत म्हणून घरं रिकामी होतात. थोडं थोडं झोन करत गेलं की हे होत नाही.

मॉड आणि दुसरा भाग

पीसीवर स्टीम वर्कशॉप असेल, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या मॉडचं (गेममध्ये बदल करणाऱ्या जोडण्यांचं) भांडार, तर ट्रॅफिक मॅनेजर: प्रेसिडेंट एडिशन हा मॉड घ्याच. कुठली लेन कुठे वळेल, कोणाला आधी जायचं, वेगमर्यादा किती, सगळं हातात येतं. फार वेळ अडकलेल्या गाड्या गेम गुपचूप गायब करतो, तेही या मॉडमधून बंद करता येतं, पण रस्ते नीट बसल्याशिवाय ते बंद करू नका, शहर थिजून जाईल. रस्त्याचा सांधा थोडा सरकवायचा असेल तर मूव्ह इट हा मॉड.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात गोल चौक काढायचं टूल आणि सिग्नल-स्टॉप-झेब्रा काढाघालायची सोय आधीपासूनच आहे, आणि लोक रस्ता निवडताना वेळेबरोबर पैसे आणि आराम पण बघतात, पार्किंगलाही तिथे किंमत आहे. रस्त्यांची उतरंड, जंक्शनमधलं अंतर, ट्रकांची वेगळी वाट, हे मात्र तिथेही असंच लागू पडतं.

कुठलाही बदल केला की लगेच निकाल बघायची घाई करू नका. रस्त्यावर आधीच असलेल्या गाड्या जुन्याच मार्गाने जात असतात, नवीन निघणाऱ्याच नवा रस्ता पकडतात, म्हणून तिसऱ्या स्पीडवर थोडे आठवडे जाऊ द्या, मग परत रूट्सचा व्ह्यू उघडा. आणि एका वेळी एकच जंक्शन बदला, दोन-तीन एकदम बदलली की कशामुळे सुटलं ते कळत नाही. मोठा इंटरचेंज पाडायच्या आधी सेव्ह वेगळ्या नावाने करून ठेवा.